झपाट्याने वाढणारा वळू कमी खातो, हे कुणी सांगितलं?

पशुपालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. सार असं: ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत मांसासाठी गुरं पाळणाऱ्यांनी झपाट्याने वाढणारे वळू निवडले. त्यांची वासरं चांगलं पचवतात, कमी खातात, खाद्यखर्च एका पिढीत निम्मा होतो, मिथेन घटतो आणि तोटा काहीच नाही.

'वाढ जलद म्हणजे खाणं कमी.' हा हिशोब ब्रॉयलरवाल्यांचा. किलोभर वजनाला किती खाद्य लागलं, हा एफसीआर त्यांना पुरतो. कारण एक कोंबडी शंभरावर पिल्लं देते आणि तिच्या स्वतःच्या खाद्याचा बोजा त्या सगळ्यांवर वाटला जातो. गाय वर्षाला एकच वासरू देते. मांसाच्या धंद्यातलं निम्म्याहून जास्त खाद्य वासरांच्या आयाच खातात, तेही बहुतेक नुसतं अंग राखायला. वाढ बघून वळू निवडत गेलं तर एफसीआर सुधारतो, पण त्याच्या कालवडी थोराड निघतात आणि जन्मभर जास्त खातात. वासरांवर वाचलेलं आयांवर जातं.

म्हणून 1963 साली अमेरिकी संशोधकांनी वेगळं माप मांडलं: जनावराचं वजन आणि वाढ पाहता त्याने जेवढं खायला हवं, त्याहून ते किती कमी किंवा जास्त खातं? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या ट्रँगी संशोधन केंद्रात 1990च्या दशकात या मापावर अँगस जातीचे दोन कळप मुद्दाम उलट दिशांना नेले: एक कमी खाणाऱ्यांचा, दुसरा जास्त खाणाऱ्यांचा. जेमतेम दोन पिढ्यांनी दोन्हीकडच्या वर्षभराच्या जनावरांचं वजन जवळपास सारखंच भरलं, 384 आणि 381 किलो. रोजचं खाणं मात्र 9.4 आणि 10.6 किलो. वाढीचा वेग पाहून हा फरक कुणालाच ओळखता आला नसता.

'खर्च निम्मा.' वरच्या आकड्यांतला फरक साधारण 11 टक्के, तोही दोन टोकांमधला. साध्या कळपाशी ताडलं तर आणखी कमी. शिवाय प्रत्येक वळूचं खाणं वेगळं मोजावं लागतं: 21 दिवस सवयीचे, मग 70 दिवस चाचणीचे, कानातला बिल्ला ओळखून खाद्य तोलणाऱ्या गव्हाणीवर. अपेक्षेपेक्षा कमी खाण्याचा हा गुण बऱ्यापैकी आनुवंशिक आहे, पण एवढा खटाटोप करून तपासलेले वळू थोडेच असतात.

'चांगलं पचवतात.' ऐकायला पटतं, पण ट्रँगीच्याच जनावरांत पचनाचा वाटा फरकाच्या दहाव्या हिश्शाएवढाच निघाला. एक तृतीयांशाहून जास्त वाटा शरीरातल्या प्रथिनांची मोडतोड-उभारणी, पेशींचा चयापचय आणि ताण यांचा होता.

'तोटा काहीच नाही.' ट्रँगीच्या दोन कळपांतल्या गाईंत गाभण राहण्यात आणि दुधात ठळक फरक दिसला नाही, हे खरं. पण कमी खाणाऱ्या गाईंच्या अंगावर चरबी थोडी कमी दिसली आणि त्या सरासरी पाचेक दिवस उशिरा व्यायल्या. भरल्या गव्हाणीवर हे खपून जातं; दुष्काळी कुरणावर अंगावरची चरबीच कामाला येते.

मिथेनचं तेवढं बरोबर आहे. पोटात कमी गेलं की कमी बनतो.