मांजर झोपतं ती जागा ‘नकारात्मक’ नसते, उबदार असते

सध्या फिरणाऱ्या एका मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मांजर रोज जिथे झोपतं तिथे जमिनीखालून नकारात्मक ऊर्जा येते, म्हणून तिथे आपला पलंग नको. मांजराने जागा बदलली तर ऊर्जा सरकली. ते आपल्या दुखऱ्या भागावर बसलं तर आजार ओढून घेतं. आणि खोक्यात शिरलं तर रुसलंय, बाहेर काढा.

जमिनीखालच्या ऊर्जेला मेसेजमध्ये ‘प्राचीन ज्ञान’ म्हटलंय. या कल्पनेचा आजचा अवतार मात्र १९२९चा. त्या वर्षी जर्मनीतल्या फिल्सबीबुर्ग गावात गुस्ताफ फॉन पोल यांनी पाणाडे धरतात तशी काडी धरून ‘भूकिरणां’चे पट्टे आखले आणि कॅन्सरच्या मृत्यूंशी त्यांची सांगड घातली. हे किरण आजवर कुठल्याही उपकरणावर दिसलेले नाहीत.

मांजराची आवड मात्र साध्या थर्मामीटरवर दिसते. त्याच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतं. ऊब टिकवायला किंवा अंग थंड करायला शरीराला जादा खटपट करावी लागत नाही, तो टप्पा मांजरात साधारण ३० ते ३८ अंशांचा. आपल्याला सुखाची वाटणारी २५ अंशांची खोली त्याच्या हिशेबी गारच. म्हणून फ्रिजचा माथा, सेट-टॉप बॉक्स, नुकतीच इस्त्री केलेल्या कपड्यांची चळत. पडताळायचं असेल तर उन्हाचा पट्टा येतो तिथला पडदा चार दिवस ओढून ठेवा, बाकी काहीही हलवू नका. बहुतेक मांजरं तिथून उठतात. ऊर्जा पडद्याने अडते असं मानायचं असेल तर गोष्ट वेगळी.

उबेच्या या ओढीत खरा धोका उपकरणांचा आहे. राउटर किंवा सेट-टॉप बॉक्सच्या जाळीत केस अडकतात, वर मांजर पसरलं की गरम हवा बाहेर पडत नाही आणि उपकरण तापून बंद पडतं. नुसतं हुसकावून भागत नाही, पाच मिनिटांत ते परत हजर. उपकरण भिंतीवर लावा आणि तिथेच, त्याच उंचीवर फळी द्या: रुंदी किमान ३० सेंमी, वर न घसरणारं कापड, चढायला दर ४०–५० सेंमीवर एक टप्पा. फळी डगमगली तर मांजर पुन्हा तिच्याकडे फिरकायचं नाही. कपडे वाळवायच्या यंत्राचं दार कायम बंद ठेवा आणि सुरू करण्याआधी आत हात फिरवून बघा.

जागा बदलण्याचं कारण बहुधा ऊन सरकणं, नवा आवाज किंवा धुतलेली चादर हेच असतं. मांजर गाल घासून जागेला आपला वास लावतं. सगळी अंथरुणं एकदम धुतली तर तो वास जातो. आलटून पालटून धुवा.

पण काही बदल हलक्यात घेऊ नयेत. उंचावर झोपणारं म्हातारं मांजर जमिनीवर झोपू लागलं, तर आधी सांधे तपासून घ्या. बारा वर्षांवरच्या मांजरांच्या एक्स-रेत सांध्यांची झीज सर्रास दिसते. बोका लिटर ट्रेमध्येच, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्येच, पडून राहतो, जोर करतो आणि लघवी होत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो. अशा वेळी ‘ऊर्जा सरकली’ म्हणून बसून राहणं महागात पडतं.

दुखऱ्या भागावर बसण्याचं काय? दुखणारा माणूस न हलता पडून असतो, पांघरूण घेतो, शेकायची पिशवी ठेवतो. मांजराला आणखी काय हवं!

राहिलं खोकं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४मध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांचं निरीक्षण केलं. ज्यांना लपायला खोकं मिळालं, त्यांचा ताण लवकर उतरला. तेव्हा आत गेलेल्या मांजराला ओढून काढू नका. खोकं आडवं ठेवा, उघडी बाजू भिंतीकडे पण वीतभर अंतर सोडून, आत जुना टॉवेल. शक्य असेल तर मागच्या बाजूला दुसरं भोक पाडा, म्हणजे घरात दोन मांजरं असतील तर एकाने तोंड अडवलं तरी दुसरं कोंडलं जात नाही.