‘टँकर म्हणजे थर्मासच’ या दाव्याविषयी

गरम ठेवूनच न्यावी लागणारी रसायने टँकरमधून कशी न्यावीत, याविषयी एक संदेश सध्या बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: जाड इन्सुलेशनचा टँकर हा मोठा थर्मासच असतो, त्यामुळे वाटेत माल गरम ठेवण्याची सोय म्हणजे वायफळ खर्च, थंडी फार असेल तर भरतानाच माल पंधरा-वीस अंश जास्त तापवावा, वाऱ्याने माल गारठतो म्हणून गाडी सावकाश चालवावी, आणि तरीही माल गोठलाच, तर टाकीच्या कॉइलमध्ये, म्हणजे माल तापवण्यासाठी बसवलेल्या नळ्यांमध्ये, वाफ सोडली की झाले. हे सारे फिनॉल, गंधक, कॉस्टिक सोडा आणि ॲक्रिलिक ॲसिड या चौघांना सरसकट लागू असल्याचेही त्यात म्हटले आहे.

पहिला मुद्दा बराचसा खरा आहे. 25 टन फिनॉल 60 अंश सेल्सिअसला भरले, बाहेर 10 अंश तापमान आहे आणि सुमारे 50 चौरस मीटरच्या टाकीवर 75 मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंचे लोकरीसारखे इन्सुलेशन) आहे असे धरले, तर इन्सुलेशनमधून निसटणारी उष्णता जेमतेम 1.3 किलोवॅट भरते, म्हणजे माल दिवसाला दोनएक अंश उतरतो. मॅनहोल, टाकीचे आधार आणि पाइप यांतून जाणारी उष्णता धरून हा आकडा दुप्पट केला, तरी 41 अंशांच्या आसपास गोठणारे फिनॉल एक-दोन दिवसांच्या प्रवासात सहज टिकते. तेवढ्या पल्ल्यासाठी वाटेत तापवण्याची व्यवस्था लागत नाही, हे मान्य करायला हवे.

मात्र हा हिशेब अख्ख्या टाकीच्या सरासरीचा आहे आणि माल सरासरीने गोठत नाही. तळाच्या व्हॉल्व्हपाशी आणि त्याच्या पुढच्या आखूड पाइपात जेमतेम काही लिटर माल असतो, त्याच्याभोवती उघडे धातू असते आणि इन्सुलेशन बहुधा नसतेच. त्यामुळे टाकीवरचा तापमापक 55 अंश दाखवत असताना व्हॉल्व्ह उघडावा आणि थेंबही येऊ नये, आत पाहिले तर नळीच्या तोंडाशी मेणासारखा पांढरा बोळा घट्ट बसलेला दिसावा, असे घडते. शिवाय टाकी अर्धीच भरलेली असेल, तर उष्णता गमावणारा पृष्ठभाग फारसा घटत नाही, पण उष्णता धरून ठेवणारा माल निम्मा होतो आणि वरचा सुखद हिशेब कोलमडतो.

‘जास्त तापवून भरा’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. उष्णता गळण्याचा वेग आत-बाहेरच्या तापमानातील फरकावर ठरत असल्याने जादा दिलेले अंशच सर्वांत लवकर निघून जातात, ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण अशी की प्रत्येक रसायनाला वरचीही मर्यादा असते. वितळलेले गंधक साधारण 120 ते 155 अंशांच्या पट्ट्यात पातळ वाहते, पण 160 अंशांच्या आसपास त्याचे रेणू लांब साखळ्यांत जोडले जाऊन ते एकाएकी घट्ट होते. म्हणजे सहज ओतता यावे म्हणून तापवावे आणि ते ओतताच येऊ नये, अशी गत होते. 50 टक्के कॉस्टिक सोड्याचे द्रावण 12 अंशांच्या सुमारास गोठू लागते म्हणून ते गरम ठेवतात, पण फार तापले तर तेच द्रावण साध्या पोलादाला तडे पाडू शकते. फिनॉल जास्त तापल्यास त्याचा रंग बिघडतो आणि विषारी वाफ वाढते.

वाऱ्याच्या मुद्द्याला फार शब्द नकोत. उष्णतेला खरा अडथळा इन्सुलेशनचा असतो, त्यामुळे बाहेरच्या पत्र्यावरून वारा वेगाने गेला तरी फरक किरकोळ पडतो. घाबरायचे असेल तर पाण्याला घाबरावे: पत्र्याचा सांधा उघडा पडून रॉकवूल भिजले की त्याच्या हवेच्या पोकळ्यांत पाणी शिरते, आणि पाणी कोरड्या रॉकवूलपेक्षा सुमारे पंधरापट उष्णता वाहते.

राहिला वाफेचा उपाय. 25 टन फिनॉल पूर्ण गोठले, तर ते नुसते वितळवायला सुमारे 3,000 मेगाज्यूल उष्णता लागते, म्हणजे 30 किलोवॅटचा हीटर अखंड चालवला तरी दिवसभराहून अधिक वेळ जातो. त्यापुढे दोन-तीन किलोवॅट देऊन ते गोठू न देणे कितीतरी स्वस्त पडते. पाइपातला बोळा तर मधूनच तापवणे धोक्याचे असते, कारण वितळताना फिनॉल प्रसरण पावते आणि दोन्हीकडून कोंडले गेले तर पाइप फुटू शकतो. म्हणून मोकळ्या तोंडापासून सुरुवात करून हळूहळू आत सरकावे लागते.

ॲक्रिलिक ॲसिडच्या बाबतीत हा उपाय सरळसरळ अपघाताला आमंत्रण आहे. ते 13-14 अंशांना गोठते आणि त्याचे स्फटिक बनताना, आपोआप पॉलिमर होऊ नये, म्हणजे त्याचे रेणू लांब साखळ्यांत जोडले जाऊ नयेत, म्हणून त्यात मिसळलेला रोधक पदार्थ उरलेल्या द्रवात राहतो. तीन-चार बार दाबाच्या वाफेने कॉइलजवळची भिंत 140 अंशांच्या वर जाते, तिथे रोधकाविना वितळलेला थर अनावर वेगाने पॉलिमर होऊ लागतो आणि त्या क्रियेच्या उष्णतेने उरलेल्या मालातही तीच क्रिया सुरू होते. म्हणून ते कोमट पाण्यानेच, ढवळत ढवळत वितळवतात आणि पूर्ण वितळून एकजीव होईपर्यंत त्यातला द्रव काढून घेत नाहीत. संदेशात मात्र त्याचे नाव फिनॉलच्या शेजारी, त्याच वाफेच्या ओळीत आहे.