चित्रांच्या पुस्तकांना वाचनालयात जागा हवी : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

कोल्हापुरातील पालकांच्या आणि वाचनालयांच्या सभासदांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. वाचनालयांनी कॉमिक्स आणि ग्राफिक कादंबऱ्यांची, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या लांब कथांची, खरेदी थांबवावी, अशी त्यात मागणी आहे. त्यातली कारणे थोडक्यात अशी : ही पुस्तके लहान मुलांची असल्याने त्यांत गंभीर विषय मावत नाही, आयती चित्रे मिळाल्यामुळे वाचकाची कल्पनाशक्ती मरते, कॉमिक्समुळे मुले बिघडतात हे मनोविकारतज्ज्ञांनी पूर्वीच सिद्ध केले आहे, हा प्रकार परदेशी असून आपल्या परंपरेत त्याला आधार नाही, आणि अर्ध्या तासात संपणाऱ्या पुस्तकासाठी शेकडो रुपये मोजणे ही उधळपट्टी आहे. लिहिणाऱ्याला वाचनाविषयी आस्था आहे, याबद्दल मला शंका नाही. त्याच आस्थेपोटी मी हे उत्तर लिहीत आहे, कारण हे मुद्दे असेच मान्य होत गेले तर गेल्या पन्नास वर्षांतील काही थोर पुस्तके आपल्या शहरातील वाचकांच्या हाती कधी पडणारच नाहीत.

गंभीर विषय मावत नाही, हा आक्षेप सर्वांत आधी घेतो. आर्ट स्पीगेलमन यांच्या ‘माउस’चे दोन भाग 1986 आणि 1991 साली पुस्तकरूपाने आले आणि 1992 साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. लेखकाचे वडील व्लादेक हे आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेले पोलिश ज्यू. त्यांची कहाणी सांगताना स्पीगेलमन ज्यूंना उंदरांची आणि जर्मनांना मांजरांची तोंडे देतात. हे वर्णन ऐकून पुस्तक बालिश वाटणे स्वाभाविक आहे. वाचू लागल्यावर मात्र ती समजूत पहिल्या प्रकरणापलीकडे टिकत नाही. माझ्या मते या पुस्तकाचे खरे धैर्य छळछावणीच्या वर्णनात जितके आहे, त्याहून अधिक म्हाताऱ्या व्लादेकच्या चित्रणात आहे. हा माणूस कंजूष आहे, दुसऱ्या पत्नीला छळतो, आणि वंशद्वेषापायी सर्वस्व गमावूनही सुनेने एका कृष्णवर्णीय वाटसरूला गाडीत घेतले म्हणून संतापतो. दुःख भोगल्याने माणूस आपोआप उदात्त होत नाही, हे मुलाने वडिलांविषयी इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेले मी फार थोड्या आत्मचरित्रांत वाचले आहे.

आणि हे पुस्तक एकटे नाही. केजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला, त्यांचे वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली अडकून जळाले. त्या अनुभवावरची ‘बेअरफूट गेन’ ही चित्रमालिका 1973 पासून जपानमध्ये प्रसिद्ध होऊ लागली. मार्जान सात्रापी यांनी ‘पर्सेपोलिस’मध्ये इराणमधील क्रांती आणि युद्ध एका हट्टी मुलीच्या नजरेतून, केवळ काळ्या-पांढऱ्या रंगांत उभे केले. 2018 साली निक ड्रनासो यांची ‘सब्रीना’ बुकर पुरस्काराच्या दीर्घ यादीत आली, आणि त्या यादीत स्थान मिळवणारी ती पहिली ग्राफिक कादंबरी ठरली.

कल्पनाशक्तीचा मुद्दा अधिक खोलात जाऊन तपासला पाहिजे, कारण अनेक सुजाण वाचकांनाही तो पटतो. चित्र दिले की वाचकाला काही कल्पावे लागत नाही, असे त्यात गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात कॉमिक्समधील प्रत्येक चित्र हा एक थांबलेला क्षण असतो. एका चौकटीत उगारलेला हात आणि पुढच्या चौकटीत जमिनीवर पडलेला माणूस एवढेच चित्रकार दाखवतो. मधला प्रहार वाचकाच्या मनात होतो. दोन चौकटींमधल्या त्या कोऱ्या पट्टीत किती वेळ गेला, काय घडले, कोणाचा आवाज आला, हे सारे वाचकानेच भरायचे असते. स्कॉट मॅक्लाउड यांनी 1993 साली कॉमिक्सच्या रचनेवर जे पुस्तक कॉमिक्सच्याच रूपात लिहिले, त्याचा गाभा हाच आहे. गद्य वाचक चेहरे कल्पतो, चित्रकथेचा वाचक काळ आणि हालचाल कल्पतो. काम वेगळे आहे. पण ते कमी आहे, असे म्हणायला काही आधार नाही.

जो सॅको यांच्या ‘पॅलेस्टाइन’मधले एक प्रकरण मी या संदर्भात नेहमी सुचवतो. एका पॅलेस्टिनी माणसाला चौकशीसाठी कोठडीत डांबून, डोक्यावर पिशवी घालून, झोपू न देता ठेवले जाते. प्रकरणाच्या आरंभी पानावर थोड्या, मोठ्या चौकटी आहेत. दिवस जातात तशा पानागणिक त्या वाढत आणि आकसत जातात, इतक्या की अखेरीस वाचणाऱ्यालाही त्या जाळीत कोंडल्यासारखे होते. छळाचे एकही भडक वर्णन तिथे नाही. हा कोंडमारा वाक्यांनी सांगता येईल, पण पानाच्या मांडणीतून तो जसा अंगावर येतो तसा येणार नाही. ‘माउस’मध्येही व्लादेक आणि त्याची पहिली पत्नी आन्या लपायला जागा शोधत निघतात तेव्हा त्यांच्यासमोरची वाट स्वस्तिकाच्या, म्हणजे नाझींच्या चिन्हाच्या आकाराची काढलेली आहे. कोणत्याही वळणाने गेले तरी सुटका नाही, ही गोष्ट तो आकारच सांगतो. ती वाचकाला दिसावी लागते. शि. द. फडणीसांच्या शब्दांविना असलेल्या हास्यचित्रांवर वाढलेल्या मराठी वाचकाला, चित्र वाचायलाही बुद्धी लागते हे निराळे सांगण्याची गरज नसावी.

मनोविकारतज्ज्ञांनी सिद्ध केल्याचा जो दाखला संदेशात आहे, त्याचे मूळ अमेरिकेत आहे. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने 1954 साली एक पुस्तक लिहून बालगुन्हेगारीचे खापर कॉमिक्सवर फोडले. त्यातून उठलेल्या गदारोळात प्रकाशकांनी त्याच वर्षी स्वतःवर कडक आचारसंहिता लादून घेतली. पुढे वर्थम यांचे कागद अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांना खुले झाले. कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासिकेने ते तपासून 2012 साली दाखवून दिले की, वर्थम यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते, काही गोष्टी वगळल्या होत्या आणि काही वाढवल्या होत्या. ज्या ‘सिद्धते’वर हा मुद्दा उभा आहे ती अशी आहे. मुलांच्या हाती काय द्यावे याचा विचार पालकांनी जरूर करावा. ‘बेअरफूट गेन’ मीही लहानग्यांना देणार नाही. पण हा विवेक प्रत्येक पुस्तकापुरता करायचा असतो, सगळ्या प्रकाराला तो एकदाच लावून मोकळे होता येत नाही.

आता परकेपणाचा आक्षेप, जो कोल्हापुरात बसून ऐकताना मला सर्वांत जास्त खटकतो. चौकटी आणि संवादाचे फुगे असलेली आजची छापील मांडणी बाहेरून आली, हे खरे आहे. मुद्रित कादंबरीही बाहेरूनच आली; बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 सालची आहे, आणि आज मराठी कादंबरीला कोणी परकी म्हणत नाही. सिनेमाही बाहेरचाच होता. बाबूराव पेंटरांनी याच शहरात तो आपलासा केला, 1920 साली ‘सैरंध्री’ आणि 1925 साली सावकाराने नाडलेल्या शेतकऱ्याची ‘सावकारी पाश’ काढली. मुळात चित्रकार असल्यामुळे ते पात्रांची, वेशभूषेची आणि हालचालींची रेखाटने आधी करीत आणि मग चित्रीकरण होई. चित्रातून गोष्ट सांगण्याची ही दृष्टी ज्या शहराने भारतीय सिनेमाला दिली, त्याने चित्रकथेला परके म्हणावे याचे मला वाईट वाटते.

मुळांचाच शोध घ्यायचा तर घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. तिथल्या ठाकर समाजातील चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक श्रोत्यांसमोर धरतात आणि गात-बोलत कथा पुढे नेतात. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी 2021 साली पद्मश्री मिळाली. एका चित्रावरून दुसऱ्यावर जाताना कथेतला काळ सरकतो, हे तत्त्व तिथे आहेच.

आणि परंपरेतून नवे काय घडू शकते हे पाहायचे असेल तर 2011 साली नवयान प्रकाशनाने काढलेले ‘भीमायन’ उघडावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवर ते आधारलेले आहे. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची संहिता आहे, तर चित्रे परधान गोंड कलावंत दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची आहेत. या दांपत्याने पात्रांना चौकटीत कोंडायला नकार दिला. त्याऐवजी गोंड घरांच्या भिंतींवर आणि जमिनीवर काढल्या जाणाऱ्या दिग्ना या नक्षीने त्यांनी पाने विभागली, त्यामुळे माणसे आणि जनावरे पानावर मोकळी वावरतात. संवादाचे फुगेही त्यांनी आपल्या रीतीने बदलले : मायेचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. वाक्य वाचण्याआधीच त्याचा डंख कळतो. जगातल्या नामवंत चित्रकारांच्या पुस्तकांतही इतकी मूलभूत आणि इतकी सहज सुचल्यासारखी नवी कल्पना मी क्वचितच पाहिली आहे.

त्यातला 1901 सालचा प्रसंग तर आपल्याच वाटेवरचा आहे. लहानगा भीम भावंडांसह वडिलांना भेटायला गोरेगावला निघतो आणि मसूर स्टेशनवर उतरतो. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलतो, कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होत नाही, शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे असे ठरते. वाटेत पाणी मिळत नाही. कोल्हापूरहून पुण्याला रेल्वेने जाणारा प्रत्येक जण आजही त्या मसूरवरून जातो. या पुस्तकाला परके कसे म्हणावे? ज्या करवीर संस्थानात शाहू महाराजांच्या उपस्थितीत आणि डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली 1920 साली अस्पृश्यांची माणगावची परिषद भरली, तिथल्या वाचनालयांत तर ते आधी हवे.

भारतीय कॉमिक्समध्ये सगळे उत्तमच आहे, असे माझे म्हणणे नाही. 1967 साली अनंत पै यांनी सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ने कित्येक घरांत पुराण आणि इतिहास पोहोचवला, आणि राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांची रेषा मला आजही प्रिय आहे. परंतु त्या मालिकेत नायक गोरे आणि राक्षस काळे असण्याची जी सवय होती, ती मुलांच्या मनावर काय ठसवते याचा विचार व्हायला हवा. अमृता पाटील यांच्या ‘आदिपर्व’मध्ये महाभारताची कथा गंगा सांगते, तिथली रंगवलेली पाने पाहिल्यावर पुराणकथा चित्रांतून किती वेगळ्या पद्धतीने सांगता येते हे कळते.

राहिला अर्ध्या तासाचा आणि पैशांचा मुद्दा. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’चे पाचवे प्रकरण आरशासारखे रचलेले आहे : पहिले पान शेवटच्या पानाचे प्रतिबिंब, दुसरे उपांत्य पानाचे, आणि याच क्रमाने मध्यापर्यंत. झरझर वाचणाऱ्याला ते दिसतही नाही. (त्यातली माणसे मला ‘माउस’मधल्या माणसांइतकी जवळची वाटत नाहीत, पण रचनेचे कौशल्य निर्विवाद आहे.) अशी पुस्तके पुन्हा वाचण्यासाठीच असतात. किंमत जास्त असते, हे मला मान्य आहे. पण ज्या पुस्तकाची किंमत एकट्या वाचकाला झेपत नाही ते सर्वांसाठी मिळून घेणे, याकरिताच तर वाचनालये असतात.

आपल्या वाचनालयांनी ‘भीमायन’, ‘माउस’, ‘पर्सेपोलिस’ आणि ओसामु तेझुका यांच्या ‘बुद्ध’ या आठ खंडांच्या मालिकेचा पहिला खंड एवढ्यापासून सुरुवात करावी, आणि ही पुस्तके बालविभागाच्या कपाटात न ठेवता चरित्र आणि इतिहासाच्या विभागात ठेवावीत. अमेरिकेत ‘माउस’ला खपाच्या यादीत कल्पित साहित्याखाली टाकले गेले, तेव्हा स्पीगेलमन यांनी हरकत घेऊन ते तिथून हलवायला लावले होते. आणि ‘माउस’चे दोन्ही भाग एकत्रच घ्यावेत, कारण पहिल्या भागाच्या अखेरीस व्लादेक आणि आन्या आउशवित्झला पोहोचतात, आणि तिथली हकीकत दुसऱ्याच भागात आहे.