कोंगका ला, पँगाँगवरचे दिवे आणि अर्धी सांगितलेली गोष्ट

लडाखमधल्या कोंगका ला खिंडीबद्दलचा एक मजकूर दर काही महिन्यांनी पुन्हा फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कोंगका ला ही भारत-चीन सीमेवरची अशी जागा आहे जिथं दोन्ही देश गस्त घालत नाहीत. तिथं जमिनीखाली परग्रहवासीयांचा तळ आहे. २०१२ मध्ये आपल्या जवानांनी शंभराहून जास्त वेळा उडत्या तबकड्या पाहिल्या, रडारला त्या सापडल्या नाहीत, शास्त्रज्ञांनीही हात टेकले. कैलासच्या यात्रेकरूंना हे दिवे नेहमीच दिसतात. जोडीला चीनच्या वाळवंटातली एक गूढ प्रतिकृती आणि २००४ साली इस्रोच्या शास्त्रज्ञांना दिसलेला ‘यंत्रमानव’. आणि शेवटी अर्थातच, सरकार हे सगळं दडपतंय.

यातल्या निम्म्या गोष्टींच्या मुळाशी खऱ्या घटना आहेत, म्हणून तो वाचणाऱ्याला पटतो. त्या घटना पूर्ण सांगितल्या की काय उरतं, ते एकेक मुद्दा घेऊन बघू.

पहिला मुद्दा, ‘तिथं कुणी गस्त घालत नाही.’ हे वाचून मला सगळ्यात जास्त राग येतो. २१ ऑक्टोबर १९५९ रोजी याच कोंगका लाजवळ करमसिंग यांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय पोलिसांच्या तुकडीवर चिनी सैन्यानं गोळीबार केला. आदल्या दिवशी टेहळणीला गेलेले सहकारी परतले नव्हते, त्यांच्या शोधात ही तुकडी निघाली होती. दहा पोलीस मारले गेले. त्यांचे मृतदेह परत मिळायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. देशभरात दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळला जातो, तो या दहा जणांमुळे. आपल्या जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात त्या दिवशी मानवंदना होते, तिचं मूळ या खिंडीत आहे.

त्यानंतरही ही जागा कधी ओस पडलेली नाही. खिंडीच्या पश्चिमेला हॉट स्प्रिंग्ज आहे, त्याच्या अलीकडे गोग्रा. २०२० च्या तणावात पंधरा आणि सतरा-ए हे गस्तीचे बिंदू रोज बातम्यांत होते, ते याच पट्ट्यातले. सतरा-एवरून दोन्ही सैन्यं ऑगस्ट २०२१ मध्ये मागं सरली, पंधरावरून सप्टेंबर २०२२ मध्ये. दोन मोठी सैन्यं जिथं इंच-इंच जमिनीवरून अडून बसतात, त्या जागेला ‘कुणी फिरकत नाही’ म्हणायचं आणि तिथं मेलेल्या माणसांचा उल्लेखही करायचा नाही, हे अज्ञानातून झालं असलं तरी वाईट आहे.

दुसरा मुद्दा म्हणजे जवानांनी पाहिलेले दिवे, आणि इथं जरा थांबायला हवं. कारण जवानांनी काहीतरी पाहिलं, हे शंभर टक्के खरं आहे. पूर्व लडाखमध्ये, मुख्यतः पँगाँग त्सो सरोवराच्या परिसरात, लष्कर आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या तुकड्यांना २०१२ च्या ऑगस्टपासून आकाशात तेजस्वी पिवळसर-पांढरे गोळे दिसू लागले. क्षितिजावरून वर यायचे, तासन् तास दिसत राहायचे, मग नाहीसे व्हायचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये याची बातमी आली आणि देशभर गाजली. फिरणारा मजकूर इथंच थांबतो.

पुढचा भाग २०१३ च्या जुलैत प्रसिद्ध झाला. फेब्रुवारीपर्यंत सैनिकांनी अशा ३२९ नोंदी केल्या होत्या, आणि त्यातल्या १५५ वेळा ती वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून आल्याचं लिहिलं होतं. चिनी टेहळणीची शंका असल्यानं लष्करानं बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारलं. तिथल्या खगोलशास्त्रज्ञांनी पाहणी करून उत्तर दिलं: एक गुरू, दुसरा शुक्र.

हे उत्तर ऐकून अनेकांना ते जवानांची टिंगल वाटते. उलट आहे. उत्तर सापडलं ते जवानांनी वेळा नीट लिहून ठेवल्या म्हणून. एक वस्तू संध्याकाळी सहाच्या सुमारास क्षितिजावर यायची आणि पहाटे पाचपर्यंत दिसायची. दुसरी पहाटे चारला उगवायची आणि सकाळी अकराच्या सुमारास फिकी होत जायची. आता त्या काळातलं आकाश बघा. ३ डिसेंबर २०१२ रोजी गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या नेमका विरुद्ध बाजूला. अशा दिवसांत तो सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर आकाशात राहतो. शुक्र त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी पहाटेच्या आकाशात होता, सूर्योदयाच्या दोन-अडीच तास आधी उगवणारा. कोणतंही तारांगणाचं सॉफ्टवेअर उघडा, ठिकाण लेह टाका, तारीख नोव्हेंबर २०१२ ची टाका. नोंदवहीतल्या वेळा तुमच्या डोळ्यांसमोर जुळतील. यासाठी कुणावर विश्वास ठेवायची गरज नाही.

‘सैनिकाला शुक्र ओळखता येत नाही का?’ असा प्रतिप्रश्न येतो. मैदानी प्रदेशात कदाचित आला असता. पँगाँगचा काठ समुद्रसपाटीपासून सव्वाचार हजार मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम साठ टक्के, धूळ आणि बाष्प नगण्य. शुक्र आकाशातल्या सगळ्यात तेजस्वी ताऱ्यापेक्षा, म्हणजे व्याधापेक्षा, दहापट झळाळतो, आणि अशा हवेत तो सूर्य उगवल्यावरही दिसत राहतो. दिवसाढवळ्या आकाशात स्थिर उभा असलेला पांढरा ठिपका पाहून पहाऱ्यावरच्या माणसाच्या मनात आधी ड्रोनच येणार. 

आणि तो ‘हलतो’ कसा? कड्याच्या धारेला लागून असलेला गुरू किंवा शुक्र काही मिनिटं एकटक पाहिला की लक्षात येतं. क्षितिजाजवळ त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो, म्हणून तो थरथरतो, क्षणात तांबूस, क्षणात हिरवट लुकलुकतो. त्याच्यापुढून ढगाचा पातळ पदर सरकला तर ढग थांबल्यासारखा आणि दिवाच पळाल्यासारखा वाटतो. काळ्या अंधारात आजूबाजूला तुलनेला काही नसलं, तर डोळ्यांच्या सूक्ष्म हालचालींमुळे स्थिर बिंदूही आपोआप सरकताना भासतो. मानसशास्त्रात हा परिणाम चांगलाच परिचित आहे. शिवाय आकाश रात्रभर पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतंच. चीनच्या बाजूच्या डोंगरावर उगवलेला ग्रह पहाटेपर्यंत आपल्या बाजूच्या डोंगरावर येतो. सीमा ओलांडल्याच्या नोंदी वाचताना हे आठवावं.

प्रत्येक नोंद ग्रहाचीच होती, असा माझा दावा नाही. काही उपग्रह असतील, काही खरंच ड्रोन असतील. पण अंतराळयान म्हणण्याजोगं त्यात काहीही नाही.

तिसरा मुद्दा रडारचा. ‘डोळ्यांना दिसतं पण रडारला सापडत नाही, म्हणजे आपल्यापलीकडचं तंत्रज्ञान.’ रडार रेडिओलहर पाठवतं आणि तिचा प्रतिध्वनी परत येण्याची वाट बघतं. विमानासाठी ही वाट सेकंदाच्या लहानशा अंशाची असते. डिसेंबर २०१२ मध्ये गुरू पृथ्वीपासून जवळजवळ ६१ कोटी किलोमीटरवर होता. प्रकाशाच्या वेगानं निघालेली लहर तिथं पोचायला ३४ मिनिटं, परत यायला तेवढीच. सीमेवर नेलेलं रडार एक तासाहून जास्त वेळानं येणारा, मोजण्यापलीकडे क्षीण झालेला प्रतिध्वनी कसा पकडणार? रडारवर काहीच न उमटणं हा ग्रहाच्या बाजूनं असलेला पुरावा आहे. मजकूर लिहिणाऱ्यानं तो नेमका उलटा वाचला.

‘शास्त्रज्ञांनी हात टेकले’ हा चौथा मुद्दा २०१२ च्या बातम्यांवर आधारलेला आहे, हे मान्य करायला हवं. हानले वेधशाळेच्या पथकानं ग्रह आणि उल्का ही शक्यता फेटाळली, असं तेव्हा छापून आलं होतं. पण हानलेची वेधशाळा चालवते कोण? तीच भारतीय खगोलभौतिकी संस्था, जिच्या खगोलशास्त्रज्ञांनी पुढं गुरू आणि शुक्र असं उत्तर दिलं. एकाच संस्थेच्या नावावरची आधीची अर्धवट बातमी ठेवायची आणि नंतरचा निष्कर्ष टाकून द्यायचा, याला निवडून-निवडून वाचणं म्हणतात.

हानलेबद्दल आणखी थोडं सांगतो, कारण ती या वादात सगळ्यात मोठी साक्षीदार आहे आणि तिला कुणी साक्षीला बोलावत नाही. कोंगका लापासून सरळ रेषेत सुमारे पावणेदोनशे किलोमीटर दक्षिणेला, साडेचार हजार मीटर उंचीवर ही वेधशाळा आहे. तिथली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण या शतकाच्या सुरुवातीपासून काम करतेय. २०१८ पासून सत्तर सेंटिमीटरची स्वयंचलित दुर्बीण आकाशात अचानक उजळणाऱ्या वस्तूंच्या मागावर असते. ‘कालपर्यंत नसलेलं काहीतरी आज दिसतंय’ हेच शोधण्यासाठी ती बांधली आहे. २०२२ मध्ये हा सगळा परिसर अंधार-आकाश राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला, आणि आसपासच्या गावांतल्या तरुण-तरुणींना दुर्बिणी देऊन, प्रशिक्षण देऊन पर्यटकांना आकाश दाखवायला तयार केलं गेलं. देशभरातले छायाचित्रकार तिथं जातात, रात्र-रात्र कॅमेरे उघडे ठेवतात. शेजारी यानांचा तळ गजबजलेला असता तर तो पहिल्यांदा या लोकांना कळला असता.

भूमिगत तळाचं ‘वैज्ञानिक’ कारण मजकुरात असं दिलंय, की तिथं भारतीय भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली सरकतो, त्यामुळे कवच दुप्पट जाड आहे आणि खोलवर तळ बांधता येतो. पहिला अर्धा भाग ठीक आहे. तिबेटच्या पठाराखाली कवच सुमारे सत्तर किलोमीटर जाड आहे, इतर खंडांवर सरासरी पस्तीस-चाळीस. पण जाड कवच म्हणजे जास्त खडक. जास्त पोकळी नव्हे. खाली जावं तसा वरच्या खडकाचा भार वाढतो, तापमान वाढतं. माणसानं आजवर पाडलेलं सर्वांत खोल छिद्र रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर. तळाशी तापमान १८० अंश सेल्सिअसच्या घरात गेलं, खडक मऊ पडू लागला आणि काम थांबवावं लागलं. सत्तर किलोमीटरच्या गप्पा मारताना हे बारा किलोमीटर लक्षात ठेवावेत.

कैलासच्या यात्रेकरूंचा मुद्दा नकाशा उघडला की संपतो. कैलास पर्वत कोंगका लापासून चारशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. भारतातून जाणारे अधिकृत मार्ग दोन, उत्तराखंडातली लिपुलेख खिंड आणि २०१५ पासून सिक्कीममधली नथु ला. यातला कुठलाच कोंगका लाच्या जवळून जात नाही.

चिनी प्रतिकृती मात्र खरी आहे. २००६ मध्ये उपग्रहचित्रं चाळणाऱ्या हौशी लोकांना निंग्शिया स्वायत्त प्रदेशात, यिनच्वानजवळच्या ह्वांगयांगतान इथं अक्साई चीन परिसराची जमिनीवर उभारलेली हुबेहूब प्रतिकृती सापडली. डोंगर, सरोवरं, सगळं. ती लष्करी आवारातच आहे. प्रमाण एकास पाचशे, लांबी-रुंदी साधारण नऊशे आणि सातशे मीटर. म्हणजे तिच्यात साडेचारशे किलोमीटर लांबीचा प्रदेश मावतो. त्यात पाचशे मीटरचा तळ दाखवला तरी तो एक मीटरचा होईल. वादग्रस्त सीमेचा भूगोल आपल्या सैनिकांना शिकवण्यासाठी एखाद्या लष्करानं असं काही बांधणं यात गूढ काय? भारतासाठी त्यात काळजीचं कारण जरूर आहे, पण ते अगदी पृथ्वीवरचं आहे.

राहिली २००४ ची घटना. २७ सप्टेंबर २००४ रोजी सकाळी हिमाचलच्या लाहौल-स्पितीमध्ये, समुद्र टापू हिमनदीच्या खोऱ्यात, इस्रोच्या अहमदाबादमधल्या अंतराळ उपयोग केंद्राच्या अनिल कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखालच्या पथकाला चारेक फूट उंचीची पांढरी वस्तू डोंगरउतारावरून सरकताना दिसली. त्यांनी छायाचित्रं काढली, पथकातल्या लोकांचे जबाब वेगवेगळे घेतले, अहवाल दिला. शास्त्रज्ञानं जे करायला हवं तेच केलं, आणि त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण ही जागा कोंगका लापासून अडीचशे किलोमीटरवर आहे, तिचा त्या खिंडीशी काहीही संबंध नाही. सकाळी उन्हानं उतार तापू लागला की डोंगरदऱ्यांत वारा उतारावरून वर चढतो. जमिनीलगत हळूहळू सरकत जाऊन मग वर निघून जाणारी हलकी वस्तू अशा वाऱ्यात नेमकी तशीच वागेल. फुग्यांचा घोस ही शक्यता मला सगळ्यात जवळची वाटते. सिद्ध झालेली नाही, हेही तितकंच खरं. ‘यंत्रमानव’ हा शब्द मात्र अर्थ लावणाऱ्याचा. छायाचित्रात दिसतो तो एक पांढरा आकार.

सरकार दडपतंय म्हणावं, तर तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं होतं, की सीमेवर अशा वस्तू दिसल्याचा निर्णायक पुरावा नाही. जवानांच्या नोंदींचे आकडे, खगोलशास्त्रज्ञांचा निष्कर्ष, कुलकर्णींच्या पथकाची छायाचित्रं, सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलंय. आकाशातून खरंच काही पडतं तेव्हा काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी राज्यभर आगीची रांग सरकताना दिसली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं येऊन पडलं. गावकऱ्यांनी ते पाहिलं, पोलिसांनी ताब्यात घेतलं, इस्रोचे लोक येऊन तपासून गेले. चिनी रॉकेटचा वरचा टप्पा वातावरणात परतल्याचं खगोल अभ्यासकांनी एक-दोन दिवसांत सांगितलं.

लडाखला जाणाऱ्या कुणाला असा दिवा दिसलाच, तर चार गोष्टी लिहून घ्या: अचूक वेळ, दिशा, क्षितिजापासून अंदाजे उंची आणि शेजारी ओळखीचे तारे कोणते. दुसऱ्या दिवशी त्याच जागी उभं राहून पुन्हा बघा. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात आणि ग्रहही बहुधा त्यांच्याबरोबर थोडे-थोडे सरकतात. तुमचा दिवा दुसऱ्या रात्री त्याच डोंगरावर, काही मिनिटांच्या फरकानं आला, तर तो कुठला ग्रह आहे एवढंच शोधायचं राहतं. आला नाही, तर ती नोंद हानलेला पाठवण्याजोगी आहे.