काय उजेड पाडलास?

‘काय उजेड पाडलास?’ हा प्रश्न गेले चार महिने आमच्या घरात शब्दशः विचारला जातोय.

माझ्याकडे १:८७ प्रमाणातली छोटी आगगाडी आहे. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, डबा वीतभराहून थोडा लांब. रात्री खोलीतला दिवा घालवून गाडी सोडावी, तर इंजिनाचा दिवा झोकात आणि मागे काळ्याकुट्ट खिडक्यांची रांग. धुवायला यार्डात निघालेली गाडी जशी. मला त्या खिडक्यांत पिवळसर उजेड हवा होता. मागणं एवढंच होतं, त्यामुळे फार वेळ लागणार नाही असं वाटलं.

एलईडीची तयार पट्टी मिळते, ती मी आधी लावून बघितली. तिच्यावर दर पाच सेंटिमीटरला कापायची खूण आणि तेवढ्या जागेत तीन एलईडी. हे अंतर ज्याने कोणी ठरवलं त्याच्या डोळ्यांसमोर कपाट असेल, आगगाडी नक्की नव्हती. कारण दिवे नेमके कप्प्यांमधल्या भिंतींच्या डोक्यावर आले. बसायच्या जागी मिणमिण आणि संडासात मात्र असा लख्ख उजेड, की आत बसून पेपर वाचावा. तेव्हा ठरवलं, दिव्यांचा सर्किट बोर्ड आपणच करायचा. प्रत्येक कप्प्यावर एक एलईडी, बरोबर मधोमध.

बोर्डाचा आराखडा काढायचं कीकॅड नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे; ते पैशांऐवजी शनिवार-रविवार घेतं. सर्किट तसं बाळबोध. रुळांतून येणारी वीज डीसीसीची (छोट्या गाड्या चालवायची डिजिटल पद्धत), म्हणजे तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते. तिला चार डायोडच्या ब्रिजने एकाच दिशेचं वळण लावायचं, मग तीन-तीन एलईडींच्या माळा आणि प्रत्येक माळेला वीज आवरायला एक रेझिस्टर. ब्रिज असला की डबा रुळांवर कुठल्याही तोंडाने ठेवला तरी चालतो. एलईडीचं तसं नाही. माळेतल्या एकाने तोंड फिरवलं की तिघांचाही अबोला.

बोर्ड पाठवण्याआधी त्याचं चित्र कागदावर मूळ मापात छापून डब्यात बसवून बघावं, असे जाणते लोक सांगतात. मी ते केलं. चित्र छापलं, कापलं, छताखाली सरकवलं. अंगठीत खडा बसावा तसं बसलं. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्याच रात्री गर्बर फाइली, म्हणजे बोर्डाचे नकाशे, कारखान्याला पाठवून दिल्या. कमीत कमी पाच बोर्ड मागवावे लागत होते, पाच मागवले.

बोर्ड आले. हिरवेगार, देखणे, वर पांढऱ्या अक्षरांत माझी आद्याक्षरं. आणि डब्यापेक्षा नऊ मिलिमीटर लांब.

आधी मी डब्यावर संशय घेतला. मग फूटपट्टीवर. शेवटी प्रिंटरपर्यंत पोचलो. माझा बोर्ड २८८ मिलिमीटरचा आणि ए-४ कागद २९७चा. समासांमुळे चित्र मावेना, तेव्हा प्रिंटरने न विचारता ते जरासं आक्रसून घेतलं होतं. मी कॉम्प्युटरवरचं माप खिडक्यांची रुंदी मोजून, बेरजा करून काढलं होतं आणि बेरजेत चुकलो होतो. ती चूक पकडायला ज्याला बसवलं त्यानेच ती परस्पर दुरुस्त करून टाकली. इतका समंजस प्रिंटर मी दुसरा पाहिलेला नाही. नऊ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीत पाऊण मीटरहून जास्त. एकच चूक, पाच प्रतींत.

‘मग काप ना,’ बायको म्हणाली. तिला वाटतं जगात कात्री नावाची वस्तू सगळ्या प्रश्नांवर पुरते. पण ज्या टोकाला कापायला जागा होती, त्याच टोकाला चाकांकडून येणाऱ्या तारा जोडायचे ठिपके मी ठेवले होते. अखेर बारीक करवत, तोंडाला मास्क (फायबर ग्लासची भुकटी नाकात जाऊ देऊ नये) आणि ओलं फडकं घेऊन कापले. मग हिरवा थर ब्लेडने खरवडून तांबं उघडं केलं आणि तारा तिथे जोडल्या. आद्याक्षरांपैकी आडनाव गेलं.

सोल्डरिंगबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो विषय घरात अजून दुखरा आहे. मी निवडलेला एलईडी १.६ गुणिले ०.८ मिलिमीटरचा. तो चिमट्यात धरून ठेवायचं असतं आणि श्वासही धरून ठेवायचा असतो. दोन्ही एकदम जमत नाही. जरा दाब जास्त झाला की ‘टक्’ असा आवाज येतो आणि मग आपण गुडघ्यांवर, गालिच्यात, बॅटरी घेऊन. असे सात गेले. एक पंधरा दिवसांनी माझ्याच मोज्यात सापडला. चालू होता.

पहिला डबा पेटला तेव्हा खिडक्यांतून ऑपरेशन थिएटर दिसू लागलं. रुळांवर साधारण १५ व्होल्ट, त्यातले १.४ ब्रिज खातो, तीन एलईडी नऊएक खातात, उरले साडेचार-पावणेपाच. मी रेझिस्टर लावला होता १०२ लिहिलेला. तो आकडा १०२ नव्हे, १० आणि पुढे दोन शून्यं, म्हणजे एक हजार ओहम. एवढ्याशा डब्यात दर माळेला साडेचार मिलिअँपिअर म्हणजे खिडकीत सूर्य. सगळे काढून १०३ लावले, दहा हजारांचे. मग कुठे संध्याकाळ झाली.

गाडी सोडली तर संध्याकाळ लुकलुकायला लागली. रुळांवर धूळ, चाकांवर धूळ. कणाकणाला उजेड दचकायचा. त्यावर उपाय ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो पुढची दीड-दोन सेकंद वीज धरून ठेवतो. पण हा गडी डब्याच्या मानाने पिंपाएवढा, आणि छताखालची जागा बोर्डाने खाल्लेली. सगळा डबा शोधून त्याला उभं राहता येईल अशी एकच जागा निघाली. संडास. दार लावून घेतलं, वरचा एलईडी काढून माळ तुटू नये म्हणून त्या जागी तार जोडली. तेव्हापासून तो आत आहे.

काल रात्री पाचही डबे जोडून गाडी फिरवली. पिवळसर उजेड, एकही दचका नाही. बायकोला बोलावलं. तिने वाकून पहिल्या खिडकीत बघितलं, मग दुसऱ्या, मग शेवटपर्यंत चालत गेली.

‘अरे, आत कुणीच नाहीये.’

खरंच नव्हतं. अंधार होता तोवर गाडी भरलेली वाटायची. आता साठ रिकामी बाकडी ओळीने दिसत होती, आणि त्यांना जोडणारा प्लॅस्टिकचा सांधासुद्धा.

प्रवासी मागवले आहेत. नमुन्याचे सहा आले. उंची दोन सेंटिमीटरच्या आत, चेहऱ्यावर रंगाचे दोन ठिपके. बाकड्यावर बसवले तर गुडघे समोरच्या बाकड्याला अडतात. त्यांचे पाय कापूनच बसवावे लागतात म्हणे. करवत बाहेर काढली आहे. तीन मिलिमीटर. या वेळी डब्यात पट्टी घालून मोजलंय, छापून नाही.