अमेरिकेला साक्षीला बोलावू नका

डिसेंबर लागला की आमच्या अमळनेरच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच विषय असतात, कापसाचा भाव आणि नाताळ. भावाबद्दल बोलून काही उपयोग नाही हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे तो विषय लवकर आटोपतो. नाताळाचा आटोपत नाही.

यंदा निमित्त झालं माझ्या चुलतभावाच्या पोरांच्या शाळेचं. शाळा जळगावची, इंग्रजी माध्यमाची. सांताची टोपी, लाल टी-शर्ट आणि कार्यक्रमाचे पैसे पाठवा, अशी सूचना आली आणि भाऊ भडकला. रात्री त्यानं ग्रुपवर जाहीर केलं की आता बास, येत्या जूनपासून दोन्ही पोरं घरीच शिकतील आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरतील. आप्पांनी लगेच हात जोडून लिहिलं, "पोरे शाळामा बिघडतस, घर नहीत." पुण्यातल्या दोघा-तिघांनी मागासपणाचा मुद्दा काढला. त्यावर भावानं हुकमाचं पान टाकलं : अमेरिकेत लाखो लोक संस्कारांसाठी पोरांना शाळेतून काढतात, तिकडे कुणी विचारत नाही, आक्काच्या (म्हणजे माझ्या) शेजारीच असं घर आहे, विचारा तिला. पुणेकर म्हणाले, तिकडेही हे धर्मवेडे लोकच करतात, खुशाल विचारा आक्काला.

प्रत्यक्षात विचारलं कुणीच नाही. माझ्या नावावर दोन्ही बाजूंनी निकाल लावून लोक झोपायला गेले. इथे अमेरिकेत दुपार होती, त्यामुळे चिडायला मला भरपूर वेळ मिळाला.

शेजारी ते घर आहे, हे खरं. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या हॅरिसबर्गपासून अर्ध्या तासावर आमची वस्ती. त्यांची मुलं नऊ, पंधरा सीटांची पांढरी व्हॅन, मागच्या अंगणात कोंबड्या. एकही मूल कधी शाळेत गेलेलं नाही. बर्फ पडला की सकाळी माझा ड्राइव्हवे त्यांतलीच दोन मुलं न सांगता साफ करून जातात आणि पैसे घेत नाहीत. असली पोरं आमच्या ग्रुपातल्या कुणाच्या घरात आहेत, हे विचारायचा मोह मी आवरला.

पण माझ्या भावाला त्या घरातली खरी गोष्ट कुणी सांगायला हवी. त्यानं पोरं काढायचं ठरवलं शाळेत नाताळ आला म्हणून. माझ्या शेजाऱ्यांनी शाळेत घातलीच नाहीत, शाळेतून नाताळ गेला म्हणून! एकेकाळी पेनसिल्व्हेनियात कायदाच होता, रोज सकाळी शाळेत बायबलमधली दहा वचनं वाचायची. फिलाडेल्फियाजवळच्या अ‍ॅबिंग्टनमधल्या एका कुटुंबानं त्याविरुद्ध दावा लावला आणि १९६३ साली सुप्रीम कोर्टानं ते वाचन घटनाबाह्य ठरवलं. माझे शेजारी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण तो निकाल काल लागल्यासारखा सांगतात. "देवाला बाहेर काढलं, मग आम्ही मुलांनाही बाहेर ठेवलं," असं ती बाई एकदा कुंपणापाशी मला शांतपणे म्हणाली होती. माझ्या मुलीच्या शाळेत 'विंटर कॉन्सर्ट' होतो. गाण्यांत बर्फ असतो, घंटा असतात, येशू शोधावा लागतो. मला त्यात काही वावगं वाटत नाही. आम्ही इथे अल्पसंख्य आहोत. जळगावात बसून हे वाक्य लिहिणं जड जातं, इथे सहज लिहिता येतं, हेही कबूल.

सांताच्या बाबतीत मात्र भावाचं आणि त्या बाईचं एकमत होईल. तिच्या घरी सांता नाही. मुलांशी खोटं बोलायचं नाही, असा तिचा नियम. सांता बाजारानं आणला, हेच वाक्य मी तिच्या तोंडून इंग्रजीत आणि आप्पांच्या तोंडून अहिराणीत ऐकलं आहे.

दर डिसेंबरात त्यांचं एक पत्र येतं. कागदाच्या दोन्ही बाजू भरून वर्षाचा हिशेब, सोबत सगळ्यांनी एकसारखे चौकड्याचे शर्ट घातलेला फोटो. प्रत्येक मुलाला एक परिच्छेद, थोरलीपासून पाळण्यातल्यापर्यंत. यंदाच्या पत्रात अमक्याचं अपेंडिक्स निघालं, तमकीचा ससा फोर-एच या मुलांच्या संघटनेच्या स्पर्धेत पहिला आला, थोरल्यानं थँक्सगिव्हिंगनंतर पहिलं हरीण मारलं, त्याचं मांस फ्रीजरमध्ये आहे. सातव्याला अजून वाचता येत नाही, 'देवाच्या वेळेनं येईल.' चर्चच्या येशूजन्माच्या जिवंत देखाव्यात पाचवा यंदा मेंढपाळ होता, त्याच्या आधीची दोन वर्षं मेंढी. ही बढती त्यानं मला दारात उभं राहून सांगितली होती. संध्याकाळी चार मेणबत्त्यांच्या कड्याभोवती बसून सगळे चार आवाजांत गातात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी असली की ऐकू येतं. मी उघडी ठेवते, हीटिंगचं बिल वाढलं तरी.

आता भावाच्या "अमेरिकेत कुणी विचारत नाही"कडे येऊ. टेक्ससमध्ये नाही विचारत. पेनसिल्व्हेनियात विचारतात. १९८८ चा कायदा आहे. दरवर्षी १ ऑगस्टच्या आत शाळाखात्याला प्रतिज्ञापत्र द्यायचं. वर्षाला १८० दिवस शिकवायचं आणि त्याची नोंद ठेवायची. तिसरी, पाचवी, आठवीला प्रमाणित परीक्षा. मुलाच्या वर्षभराच्या कामाची फाइल करून ती बाहेरच्या मान्यताप्राप्त परीक्षकाला दाखवायची आणि ३० जूनपर्यंत त्याचा दाखला सादर करायचा. मे महिन्यात त्यांच्या जेवणाच्या टेबलावर नुसत्या फाइली असतात, फाइलीच्या पाठीवर मुलाचं नाव, आत गणिताचे कागद, वाळवलेली पानं, वाचलेल्या पुस्तकांची यादी. एका फाइलीला जॅम लागलेला मी पाहिला आहे. आपल्याकडे? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वयाचं पोर शाळेत असावं असं धरलं आहे. घरी शिकवणाऱ्याला धड मनाई नाही, धड मान्यता नाही, आणि फाइल बघणारं तर कुणीच नाही. आपल्याकडची खरी तालीम वेगळीच आहे : अकरावी-बारावीचं पोर कॉलेजच्या पटावर जळगावात आणि देहानं लातूरच्या क्लासमध्ये. त्याला कुणी संस्कार म्हणत नाही. त्यावर ग्रुपात कधी भांडण झालेलं मला आठवत नाही.

शिवाय माझ्या शेजाऱ्यांनी शाळा सोडली म्हणजे सगळं सोडलं असं नाही. त्यांचा तिसरा मुलगा सरकारी शाळेच्याच बेसबॉल संघात खेळतो. २००५ साली झालेल्या कायद्यानं इथे तशी सोय आहे. शुक्रवारी को-ऑप, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांचा एकत्र वर्ग असतो, तिथे एक बाई लॅटिन शिकवते, दुसरी मुलांकडून बेडूक कापून घेते. लायब्ररीतून ते पुस्तकं ढकलगाडीनं नेतात. थोरली कम्युनिटी कॉलेजात दोन विषय घेते. जळगावच्या फ्लॅटमध्ये हे सगळं कुठून आणणार, असं मी ग्रुपवर लिहिलं. भावानं लिहिलं, "आपल्याला लॅटिन शिकवायचं नाही, रामरक्षा शिकवायची आहे." यावर हसणारे चेहरे भरपूर आले.

मग त्यानं साने गुरुजींना आणलं. आईच्या मांडीवर घडलेला माणूस, शाळेनं घडवला का त्यांना? हे अमळनेरच्या माणसानं लिहावं! गुरुजी आपल्या गावात होते ते कशासाठी? प्रताप हायस्कुलात मास्तर म्हणून, १९२४ पासून सहा वर्षं. छात्रालयातल्या पोरांच्या वळकट्या ते स्वतः आवरायचे. आईचं प्रेम त्यांनी शाळेत नेलं, शाळेतली पोरं काढून घरी नेली नाहीत. हे मी लिहिलं तेव्हा ग्रुप थोडा वेळ शांत होता. मला बरं वाटलं, नाकारत नाही.

खरं सांगायचं तर मला चीड आली ती सांतानं नाही आणि होमस्कूलिंगनंही नाही. शेकडो मेसेज झाले, त्यात शिकवणार कोण हे कुणी विचारलं नाही. शेजारच्या घरी शिकवणारी ती बाई आहे. पहाटे उठते, पाव मळते, सात वाजता बायबल, आठला गणित, मध्ये बाळाला पाजणं. नवरा कामाला जातो, संध्याकाळी येऊन प्रार्थना सांगतो. पत्रात नवऱ्याच्या कामाबद्दल चार ओळी असतात, मुलांबद्दल पानं. तिच्याबद्दल शेवटी असतं, 'आई व्यग्र आहे आणि कृतज्ञ आहे.' पत्र तीच लिहिते.

आणि थोरली. सतरा वर्षांची आहे, माझा नवरा तिला कॅल्क्युलस शिकवतो, ती खरोखर हुशार आहे. पण ती आमच्याकडे येते तेव्हा कडेवर एक असतं आणि दुसऱ्याचं नाक ती पुसत असते. मला तिच्यात माझी मोठी मावशी दिसते. मावशीला चौथीतून काढलं, धाकट्यांना सांभाळायला. आमच्या पारोळ्याच्या आजीनं त्याला काही नाव दिलं नाही, मावशीनंही नाही. तिच्या जिवावर माझी आई सातवी झाली आणि आईच्या जिवावर मी इथे. शेजारच्या थोरलीला निदान कॅल्क्युलस येतं, म्हणून ही तुलना मी अर्ध्यात सोडते. मला ती पुरी करायची नाही.

भाऊ मला म्हणाला, "आक्का, डॉलरमध्ये बसून आम्हाला अक्कल शिकवू नको. तुझ्या पोरीला अहिराणीचा एक शब्द येतो का?"

येत नाही. मराठीही तिची महाराष्ट्र मंडळाच्या रविवारच्या वर्गापुरती, आणि तो वर्गही आता पोहण्याच्या सरावाला आडवा येतो. मीच तिच्याशी कधी अहिराणी बोलले नाही. आधी पुण्याच्या होस्टेलात ती लपवायची सवय लागली, मग ती काढायची कुठून हे राहून गेलं. तिला कानबाई कोण, आखाजीला झोका का बांधतात, हे माहीत नाही. शेजारच्या नऊ जणांना मात्र आपले पणजोबा कुठल्या वर्षी कुठल्या शेतात आले हे पाठ आहे. त्यांना बाहेरचं जग कमी कळतं, हे मी नवऱ्याला नेहमी सांगते. आपण कुठले, या प्रश्नाला ती पोरं अडखळत नाहीत. माझी अडखळते, आणि माझ्याकडे बघते.

लहानपणी भुसावळला वडलांच्या रेल्वेतल्या एका ख्रिस्ती मित्राकडून नाताळाला फराळाचं ताट यायचं. आमच्या दिवाळीचं त्यांच्याकडे जायचं. चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात आमच्या नात्यातली बाळंतपणं झाली आहेत. नवापूरकडे मावची बोलीत येशूची भजनं गाणारी गावं आहेत, त्यांच्या नाताळाला सांताची टोपी लागत नाही. खानदेशात नाताळ शाळेच्या सूचनेतून आलेला नाही, एवढं मला ग्रुपवर लिहायचं होतं. लिहिलं असतं तर धर्मांतरावर घसरलं असतं सगळं. आप्पांचं वय झालंय. नाही लिहिलं.

आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत विनीत, निमंत्रक, व्यवस्थापक म्हणून पन्नास नावं असतात. लेकीबाळींची तशीही नसतात. गेल्या लग्नात माझ्या नवऱ्याचं होतं, पुढे कंसात 'अमेरिका'. मी त्या कंसात कुठेतरी. यंदाच्या शेजाऱ्यांच्या पत्रात, ससा आणि हरणाच्या मध्ये, एक वाक्य होतं की आमची भारतातली शेजारीण मुलांना पोळ्या लाटायला शिकवते आणि आम्ही तिच्यासाठी देवाचे आभार मानतो. माझं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं. ज्यांच्या देवाला मी मानत नाही, ज्यांची मतं मला पटत नाहीत, निवडणुकीत ज्यांच्या अंगणातली पाटी बघून मी मान वळवते, त्यांच्या वर्षात मी आहे. ते वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं, मुलीला दाखवलं, आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकणार होते. टाकला नाही. त्यांनी तो पुरावा म्हणून वापरला असता, कुठल्या बाजूनं ते सांगता येत नाही.

शेवटी ग्रुप सोडून मी भावजयीला, म्हणजे त्याच भावाच्या बायकोला, वेगळा मेसेज केला. ती धुळ्याची, बीएस्सी, पतपेढीत नोकरीला आहे. जूनपासून पोरांना शिकवायचं म्हणजे ती नोकरी सोडणार, हे ग्रुपवर सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मी शेजारच्या बाईबद्दल सगळं लिहिलं : पहाट, पाव, फाइली, को-ऑप, बेडूक. दोन दिवस काही उत्तर नाही. मग तिचा आवाजातला मेसेज आला, मागे मिक्सर चालू होता.

"आक्का, तिनी सासू तिनाजोडे ऱ्हास का?"

मी कळवलं, नाही, फ्लोरिडात असते, वर्षातून एकदा येते.

"मंग जमस तिले," ती म्हणाली.