पाया पडते, पाय ओढत नाही

कबड्डीच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय: नखं कापलेली हवीत, अंगाला तेल नको, अंगावर कुठलाही दागिना नको. आमच्या सासूबाईंचा नियम असा, की नव्या सुनेचा गळा मोकळा दिसता कामा नये. दोन्ही नियम आपापल्या जागी रास्त आहेत. पंचाईत एवढीच, की ते पाळायचे एकाच बाईनं, आणि ती बी.ए.च्या तिसऱ्या वर्षात शिकते.

माहेर विट्याचं, सासर कराडचं. लग्न दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर झालं. "पोरगी शिकणार आणि खेळणार," ही अट बाबांनी बैठकीतच घातली होती. सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, ती हसत मान्य केली. त्याला कारण होतं. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या मुलींनी चायनीज तैपेईला २६-२५ असं एका गुणानं हरवलं आणि भारताचं शंभरावं पदक आणलं. तो सामना आप्पांनी टीव्हीसमोर उभं राहून बघितला होता. तेव्हापासून घरात एक कबड्डीवाली हवी, असं त्यांच्या मनात होतंच. शिवाय सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असतं, हेही त्यांनी मध्यस्थाकडून हळूच विचारून घेतलं होतं.

तर दागिने. मॅचला निघताना मी मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी अशी भरगच्च निघते. मैदानावर पोचलं की एका बाजूला बसून उतरवायला घ्यायचं. बांगड्या साबणाच्या पाण्यानं सुटतात. जोडवीही सुटतात, पण रडवून. राहतं मंगळसूत्र. ते ठेवायचं कुठं? बॅगांचा तर ढीग पडलेला असतो. एकदा राखीव खेळाडूच्या गळ्यात घातलं, तर नेमकी तिची आई मॅच बघायला आलेली. त्या माउलीला पाणी पाजावं लागलं. शेवटी आमच्या सरांनीच ते घेतलं, ट्रॅकपँटच्या खिशात टाकलं आणि चेन लावली. आम्ही ती मॅच जिंकलो. मग नाच, फोटो, वडापाव. सर त्यांच्या घरी गेले, मी माझ्या.

रात्री दहाला सरांचा फोन. मैदानावर सरांचा आवाज नदीपलीकडं जातो, पण त्या रात्री तो अगदीच मवाळ झाला होता. "जागी आहेस ना? मी स्पीकरवर ठेवतो. जरा मॅडमना सांग, ते कुणाचं आहे."

पँट धुवायला टाकण्याआधी मॅडमनी खिसे तपासले होते. मी सगळी हकिगत सांगितली. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "तुझंच आहे ना? मग वाट्यांच्या मध्ये पोवळी किती, सांग."

आता स्वतःच्या गळ्यातली पोवळी कोण मोजतं? मी गप्प. तिकडं सरही गप्प, त्यांचा तर श्वासही ऐकू येईना. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पोवळी, त्याखालचे मणी, वाटीवरची नक्षी, आकड्याजवळचा सोनाराचा शिक्का असं सगळं घडाघडा सांगून टाकलं. सर सुटले. पुढचा अर्धा तास दोघी कराडच्या सोनारांच्या मजुरीवर बोलत होत्या. आता सासूबाईंनी त्यासाठी एक स्टीलची डबी दिली आहे. ती संघाच्या प्रथमोपचार पेटीत असते, आणि पेटीला कुलूप असतं. त्यामुळं कुणाचा गुडघा फुटला की आधी किल्ली शोधावी लागते.

दागिने निदान उतरवता येतात. नावाचं काय करायचं? दहावीच्या गुणपत्रिकेवर माझ्या नावापुढं बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार कार्डावर यांचं नाव आणि सासरचं आडनाव, कारण बँक आणि रेशन कार्ड यांना लग्नानंतर दम निघाला नाही. विद्यापीठ स्पर्धेच्या पात्रता अर्जाला दोन्ही कागद लागतात. क्लार्कसाहेबांनी ते शेजारी शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि विचारलं, "ह्यातली खेळणारी कोण?"

मग विवाह नोंदणीचा दाखला, मग प्रतिज्ञापत्र, मग राजपत्रात नावबदलाची जाहिरात. "राजपत्रात नाव छापून आलं," असं मी बाबांना फोनवर सांगितलं. विट्यात ती बातमी 'पोरगी राजपत्रित अधिकारी झाली' अशी पोचली. बाबांनी पेढे वाटले. खरं कळल्यावरही त्यांनी ते कुणाकडून परत मागितले नाहीत, आणि खुलासाही केला नाही.

पहाटेचं पळणं प्रीतिसंगमावर. कृष्णा-कोयनेचा संगम, गार वारा, जागा फार सुरेख. पण अंगावर ट्रॅकसूट आणि गळ्यात मंगळसूत्र घालून पळणारी बाई दिसली, की फिरायला आलेल्या मावश्यांचा जीव कळवळतो. "काय गं पोरी, घरात काय झालं का?" असं विचारून एकीनं मला पार रस्त्यापर्यंत समजावत आणलं होतं. तिच्या मते नवरा माणूस आज ना उद्या सुधारतो. हे ऐकून आमचे 'अहो' दिवसभर आपलं नेमकं काय बिघडलंय ते शोधत होते.

त्याहून कठीण प्रसंग शटल रनचा, म्हणजे दोन खुणांमध्ये सारखं ये-जा पळण्याचा. सरांनी दमेपर्यंत पळवलं आणि घरी येऊन दारातच मला उलटी झाली. समोरच्या काकू गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. संध्याकाळपर्यंत उंब्रजहून आत्याबाईंचा फोन आला आणि काकूंकडून लिंबाच्या लोणच्याची बरणी आली. सासूबाईंनी मला आत नेऊन विचारलं, "खरं काय ते सांग." मी शटल रन म्हणजे काय ते समजावलं. त्या जरा हिरमुसल्या, पण लगेच म्हणाल्या, "असू दे. लोणचं मात्र परत करायचं नाही."

मी खेळते डाव्या कोपऱ्यात. चढाई करणारीचा घोटा धरायचा आणि उचलून तिला तोंडघशी पाडायचं, हे माझं काम. आप्पा हे आल्यागेल्याला कृतीसह सांगतात. त्याचा परिणाम असा, की सणावाराला मी पदर सावरून पाया पडायला वाकले की वडीलधारी मंडळी पाय मागं घेतात. एका चुलत सासऱ्यांनी तर खुर्चीत मांडीच घातली आणि वरूनच आशीर्वाद दिला.

सासर म्हणजे तरी कबड्डीचं मैदानच की, असं लिहायचा मोह मला फार होतो. पण मैदानावर पंच असतात आणि पाच मिनिटांचं मध्यंतर असतं.

सांगली, सातारा आणि कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाचे. त्यामुळं जे व्हायचं होतं ते आंतरविभागीय स्पर्धेत झालंच: आमच्यासमोर माझंच विट्याचं जुनं कॉलेज. प्रेक्षकांत बाबा आणि आप्पा मांडीला मांडी लावून बसलेले. मध्यंतरापर्यंत दोघंही दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवत होते. उत्तरार्धात गुण बरोबरीत आले आणि बाबांमधला विटेकर उठून उभा राहिला. "बोनस दाखवा तिला, बोनस! ती झेपावणार! मग हात मारा!" चढाई करणारीनं जादा गुणासाठी मागच्या बोनस रेषेकडं पाय टाकला, की मला तिच्या घोट्यावर झेपावल्याशिवाय राहवत नाही; माझ्या खेळातली ही खोट फक्त घरात ठाऊक होती. पुढच्याच चढाईत मी झेपावले आणि बाद झाले.

आप्पा ताडकन उठले. "व्याही, हे बैठकीत ठरलं नव्हतं!"

मग दोघांचे आवाज चढले. पंचांनी शिट्टी मारून विचारलं, "हे दोघं कुठल्या संघाचे?" दोघांनी एकदमच माझ्याकडं बोट दाखवलं. आमच्या सरांनी टाइमआउट मागितला आणि मला म्हणाले, "जा, आधी त्यांना गप्प कर."

टाइमआउट तीस सेकंदांचा असतो. एवढ्या वेळात कुठलेच व्याही गप्प होत नाहीत. शिवाय टाइमआउटमध्ये खेळाडूनं मैदान सोडलं की समोरच्या संघाला एक तांत्रिक गुण मिळतो, हे सरांना ठाऊक होतं, फक्त त्या क्षणी आठवलं नाही. पंचांना आठवलं. सामना आम्ही एका गुणानं हरलो.

विट्याच्या स्टँडवर बाबा अजून सांगतात, की तो गुण त्यांनी घेतला.